'कामचुकार' : एका शेऱ्याचा इतिहास



माणूस कामावर जसा वागतो तसा का वागतो, या प्रश्नाचे उत्तर देताना व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके तीन गोष्टी सांगतात : त्याची समज, त्याचा स्वभाव आणि त्याची वृत्ती. शब्द चांगले आहेत. परंतु आपल्या शहापूर-मुरबाडकडे हे शब्द पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून या तिघांचे काम एकच शब्द भागवीत आला आहे, तो म्हणजे 'कामचुकार'. सावकाराने कुळाला तो लावला, जंगलाच्या ठेकेदाराने काथोड्याला लावला, भट्टीवाल्याने वीट पाडणाऱ्याला लावला आणि आता कारखान्यातला सुपरवायझर आसपासच्या गावांतून येणाऱ्या पोरांना लावतो. बोलणारे बदलले, शेरा तोच राहिला. हा शेरा कोणी, कोणत्या वहीत आणि कशासाठी लिहिला, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी कॉलेजात शिकलेला नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. तेव्हा शास्त्रापेक्षा हकीगतच माझ्याकडून अधिक ऐकायला मिळेल.

प्रथम काथोडी, म्हणजे कातकरी, घेऊ. या जमातीचे नावच तिच्या धंद्यावरून पडलेले आहे. खैराचे झाड तोडायचे, साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतला तांबडा गाभा तासून त्याचे ढलपे मडक्यांत उकळायचे, ते पाणी गाळून पुन्हा आटवायचे आणि घट्ट झाले की त्याच्या वड्या पाडायच्या. आच थोडी अधिक झाली की माल करपला, कमी झाली की जमलाच नाही. रात्र रात्र भट्टीपाशी बसून डोळ्यांत तेल घालून करण्याचे हे काम. आपण विड्याला जो कात लावतो त्यामागे ही मेहनत असे. ज्याच्या अंगी आळस आहे त्याच्या हातून कात होणार नाही, हे कोणीही सांगेल.

मग हा कारागीर आळशी ठरला कधी? १८७८ साली जंगलाचा कायदा आला आणि खैर सरकारजमा झाला. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत जंगलखात्याविरुद्ध एवढी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला एक कमिशन नेमावे लागले. भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडू द्याव्यात की नाही, हा तिथला मोठा वादाचा मुद्दा होता. शेतकऱ्याच्या राबाची निदान चर्चा तरी झाली. ज्याला शेतच नाही त्या कातकऱ्याचा धंदा मात्र बुडाला तो बुडालाच. पुढे १८९२ च्या कायद्याने याच दोन जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. धंदा गेला, रान गेले. उरली ती दुसऱ्याच्या दारची मजुरी, कोळशाची भट्टी आणि भुकेच्या दिवसांत एखादे कणीस. तेवढ्यावर त्यांच्यावर चोरटेपणाचा, दारूबाजीचा आणि आळसाचा शिक्का बसला, आणि तो पुढे सरकारी कागदांतूनही फिरत राहिला. हातातले काम काढून घ्यायचे आणि मग तो काम करीत नाही म्हणून लिहून ठेवायचे, असा हा हिशेब आहे.

आता वेठीकडे येऊ. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत आदिवासींची स्थिती काय आहे याची चौकशी मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून करविली. त्याचा अहवाल १९३९ चा आहे. गोरा साहेब, सरकारी नोकर, म्हणजे चळवळीचा माणूस नव्हे. त्याने लिहून ठेवले की, जमीनदाराने बोलावले की कुळाने जायचेच, न गेल्यास मार, आणि मोबदला मिळालाच तर दिवसाला फार तर एक आणा. बहुधा एका माणसाच्या एका वेळेपुरता तांदूळ. याच्या जोडीला 'लग्नगडी'. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. वर्षे जात, मुले होत, कर्ज जागच्या जागी. कारण कर्जाची वही ज्याच्या हाती, काम मोजणाराही तोच.

अशा माणसाच्या डोक्यात काय चालत असेल, याचा आपण विचार करून पाहा. आज त्याने एक भारा गवत अधिक कापले तर कर्ज एका पैशाने कमी होणार आहे काय? नाही. एक भारा कमी कापला तर मार बसेल, पण मुकादमाची पाठ वळली असेल तर तोही बसणार नाही. तेव्हा तो मुकादमाकडे डोळा ठेवून काम करतो. समोर उभा राहिला की कोयता भराभर चालतो, वळला की थांबतो. सावकार हे पाहतो आणि म्हणतो, जातच कामचुकार. सावकाराचे डोळे बिघडलेले नव्हते. जे दिसले ते त्याने खरेच सांगितले. पण त्याला दिसला तो फक्त कोयता. कोयता धरणाऱ्याला जी वही दिसत होती ती त्याने स्वतःच लिहिलेली होती, म्हणून तिच्यात पाहण्याजोगे काही असेल असे त्याला वाटलेच नाही.

याची परीक्षा पुढे आपल्याच जिल्ह्यात झाली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. कसाऱ्याच्या गाडीने आपण ते स्टेशन नेहमी ओलांडतो. तिथे आलेले वारली परत गेले आणि डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वेठ बंद करण्याचे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तिथे तळ दिला. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती सारी हकीगत लिहिली. लग्नगडी सावकारांच्या घरांतून बाहेर पडले. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात मागणी पुढे आली : ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. आणि ज्यांना उद्याची अक्कल नाही असे म्हणत, त्या लोकांनी हातातोंडाशी आलेला हंगाम सोडून कोयते खाली ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, माणसे मेली, तरी ते मोडले नाहीत. माणसे तीच होती, स्वभावही रातोरात बदलत नसतो. बदलले ते एवढेच की, आपल्या कामाचे माप आपणही मागू शकतो हे त्यांना प्रथमच दिसले.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत टेलर नावाच्या इंजिनिअरने १८९९ च्या सुमारास एका पोलाद कारखान्यात बिडाच्या लगडी वाहणाऱ्या एका मजुराकडून साडेबारा टनांऐवजी सत्तेचाळीस टन काम करून घेतले आणि १९११ च्या आपल्या पुस्तकात मोठ्या अभिमानाने छापले. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. त्या माणसाची बुद्धी बैलासारखी असावी लागते, असेही त्याने लिहिले. गंमत अशी की, तोच मजूर पहाटे कामावर येण्यापूर्वी आणि संध्याकाळी कामावरून गेल्यावर स्वतःच्या घराच्या भिंती स्वतः बांधीत होता, ही माहितीही टेलरनेच दिलेली आहे. बैल घर बांधीत नाही, हे त्या विद्वानाच्या ध्यानात आले नाही! पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली चौदा कामगारांच्या एका खोलीचे निरीक्षण केले गेले, तेव्हा ते ठरवून एका मर्यादेपलीकडे काम करीत नाहीत असे आढळले. अधिक काम केले तर दर कापतील आणि आपल्यातला दुबळा उघडा पडेल, ही त्यांची समजूत. आमच्या भट्टीवरच्या बाईला इंग्रजी येत नाही, पण हे शास्त्र तिला पाठ आहे.

आता एक अवघड गोष्ट. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. वेठीचे कर्ज त्याने रद्द केले. कर्ज वेठीचे नव्हे हे सिद्ध करण्याचा भारही धनकोवर टाकला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की, किमान वेतनाहून कमी दामात भुकेपोटी करावे लागणारे कामही सक्तीचेच काम होय. त्याच दशकात श्रमजीवी संघटनेने वसई-भिवंडीकडचे वेठबिगार सोडविले. कायदा झाला, निकाल झाला, मग माणूस मोकळा झाला की नाही?

पुष्कळ झाला. परंतु सुटलेला माणूस चार महिन्यांनी त्याच दारी उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याला विचारावे, 'बाबा, कायद्याने तुझे देणे संपले, मग का गेलास?' तो म्हणे, 'घेतले ते फेडायला नको का?' हे भित्रेपणाचे उत्तर नव्हते. घेतलेला पैसा बुडवू नये, बोललेला शब्द मोडू नये, ही त्याच्या घरची शिकवण. म्हणजे ज्याला चोरटा म्हणून लिहिले त्याचा प्रामाणिकपणाच त्याच्या पायातली बेडी झाला होता, आणि ते मालकाला पक्के ठाऊक होते. आमच्या चळवळीतले काही शिकलेले कार्यकर्ते अशा वेळी चिडून म्हणत, 'यांना कळतच नाही.' मला हे वाक्य सावकाराच्या वाक्याचे धाकटे भावंड वाटते. जेथे पावसाळ्यात खावटी देणारा दुसरा कोणी नाही, तेथे ज्याचे दार उघडे त्याचे देणे राखून ठेवणे यात कळणे पुष्कळ आहे.

स्वभावाविषयीही थोडे बोलले पाहिजे. एकाच पाड्यावरचे दोन भाऊ सारखे नसतात. एक हिशेबाला भांडतो, दुसरा मान खाली घालून अंगठा देतो. गणपतीच्या सुमारास वीटभट्टीचा मुकादम आगाऊ रक्कम घेऊन पाड्यावर येतो, तेव्हा तो कोणाच्या झोपडीपुढे बसतो? दुसऱ्याच्या. 'स्वभावाने गरीब आहे हो,' अशी त्याची तारीफ करतात. मुकादमाच्या भाषेत याचा अर्थ, हा वही पाहायला मागणार नाही. पहिल्याला 'तापट', 'नेता' म्हणून टाळतात आणि तो दोन-तीन हंगाम उपाशी राहिला की त्याचाही स्वभाव गरीब होतो. तेव्हा 'आदिवासी मूळचाच मुका' असे जे म्हणतात, त्यांनी भरती कशी होते ते एकदा पाहून यावे.

दिवाळीनंतर बिऱ्हाडे भट्टीवर जातात. नवरा-बायको मिळून 'जोडी'. वहीत नाव नवऱ्याचे. रात्री उठून गारा तुडवायचा, उजाडण्यापूर्वी साच्यातून विटा पाडायला लागायचे. दर हजारी. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पावसाच्या तोंडावर. अवकाळी सर आली आणि कच्च्या विटा भिजून गेल्या तर त्या मोजणीतून जातात, श्रम मात्र होऊन गेलेले असतात. सहा महिन्यांनी उचल वजा जाता अंगावरच काही फिरते, आणि तेवढ्यासाठी पुढच्या हंगामाचे बोलणे तिथेच होऊन जाते. या सहा महिन्यांत त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही, हे ध्यानात ठेवा.

तोच शब्द परत ऐकू येतो तो मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसनगावच्या बाजूला. भट्टीवर गेलेल्यांची नव्हे, पण त्याच गावांतली मुले तिथे ठेकेदाराच्या हाताखाली लागली. जुलै उजाडला, भातलावणी आली की हजेरीपटावर रेघा. मॅनेजर वैतागतो : 'स्थानिकांना नोकरीची किंमत नाही.' आता त्या मुलाच्या बाजूने पाहू. २४० दिवस भरू नयेत म्हणून ठेकेदार त्याला मध्येच ब्रेक देणार, हे त्याने थोरल्या भावाच्या बाबतीत पाहिलेले. म्हणजे नोकरी सहा-सात महिन्यांची आणि शेत बापजाद्यांचे. लावणीचे आठ दिवस चुकले तर वर्षाचे भात गेले. कोणते काम पक्के आणि कोणते कच्चे, हे त्याला मॅनेजरपेक्षा स्पष्ट दिसते.

मुंबईच्या गिरणीमालकांनीही रत्नागिरी-साताऱ्याच्या कामगारांविषयी हीच तक्रार वर्षानुवर्षे केली : शिमग्याला पळतो, पेरणीला पळतो, याचे गिरणीत मन नाही. १९३१ साली व्हिटली कमिशनने सांगितले की, गावाशी असलेला हा संबंध तोडण्याची वस्तू नव्हे, तो राखावा आणि त्याला रीतसर रजेचे वळण लावावे. पुढे १९६५ साली मॉरिस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने गिरण्यांचा इतिहास तपासून मत दिले की, कामगार टिकत नाही ही ओरड फुगवलेली होती. शिस्त ढिली होती ती मालकांच्या भरतीच्या आणि बदलीच्या पद्धतीमुळे. गिरण्यांना माणसे कधी कमी पडली नाहीत.

व्हिटली कमिशनचा हा जुना सल्ला घेऊन आम्ही एका कारखान्यात गेलो. नाव सांगत नाही. मागणी एवढीच की, लावणीच्या पंधरवड्यात पाळीपाळीने बिनपगारी रजा द्यावी, आणि कोण कधी जाणार ती यादी जूनमध्येच कामगारांनी करून द्यावी. मॅनेजर हसला. म्हणाला, 'यादी करतील, पण पाळणार नाहीत.' पहिल्या वर्षी यादी झाली आणि पाळली गेली. एका मुलाने तर आपली पाळी दुसऱ्याला दिली, कारण त्याच्याकडे अजून चिखलणी व्हायची होती. दुसऱ्या वर्षी मॅनेजरने स्वतःच मे महिन्यात विचारले, यादी कधी देता?

ही सवलत मिळाली ती कायम कामगारांना. ठेकेदाराच्या माणसांना ती लागू करण्याविषयी बोलणी अजून चालू आहेत. मागच्या जुलैत ठेकेदाराचे हजेरीपुस्तक पाहण्याचा योग आला. शेवटच्या रकान्यात, तेरा नावांपुढे, एकाच हस्ताक्षरात एकच शब्द होता : 'अनियमित'. त्यातली नऊ मुले ज्या गावची, तिथे त्या आठवड्यात लावणी चालू होती.