महामारी आणि नागरी निर्वाहखर्च : मुंबई

मुंबईत १८९६ पासूनची प्लेगची साथ, १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ आणि २०२० ची कोविड-१९ ची साथ या तीन महामाऱ्यांनी श्रमिक व मध्यमवर्गीय कुटुंबांच्या निर्वाहखर्चावर दूरगामी परिणाम केले. अन्नधान्य, जळण, कापड, घरभाडे आणि किरकोळ बाबी यांवर ठरावीक राहणीमान टिकवण्यासाठी कुटुंबाला जो खर्च करावा लागतो, त्याला निर्वाहखर्च म्हणतात. साथीच्या काळात वस्तू महागल्यामुळे तो वाढतो. शिवाय मिळकत खंडली की पूर्वीचाच खर्चही झेपेनासा होतो, मात्र हे दुसरे अंग भावांच्या आकड्यांत उतरत नाही.

प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केल्यानंतर काही महिन्यांतच लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाल्यामुळे रोजच्या रोज मजुरी चुकती करण्याची पद्धत काही काळ पडली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत घसरली, पण १९११ मध्ये ती ९,७९,४४५ झाली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने दाट वस्त्या पाडल्या. मात्र विस्थापितांना परवडतील अशा खोल्या त्या मानाने कमी बांधल्या गेल्या, त्यामुळे शेजारच्या चाळींतील गर्दी आणि भाडी दोन्ही वाढली.

इन्फ्ल्यूएंझा : जून १९१८ मध्ये गोदी परिसरात प्रथम आढळलेली ही साथ सप्टेंबरमध्ये अधिक तीव्रतेने परतली आणि ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे जहाजे अपुरी होती आणि धान्य, कापड व रॉकेल यांचे भाव आधीच चढलेले होते. त्यामुळे महागाईतील साथीचा नेमका वाटा किती, याविषयी एकमत नाही. मृत्यूचे प्रमाण मात्र राहणीशी निगडित होते : तत्कालीन नोंदींत ‘कनिष्ठ जाती’ असे म्हटलेल्या हिंदूंमध्ये ते दर हजारी ६१.६, तर युरोपीयांमध्ये ८.३ होते. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी संप केला. महागाई भत्त्यातील वाढ ही त्याची मुख्य फलश्रुती होय. १९१८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने लहान जागांची भाडी १ जानेवारी १९१६ च्या पातळीशी बांधली. हा कायदा युद्धकालीन उपाय म्हणून आला होता, तरी भाडेनियंत्रण पुढे १९४७ आणि १९९९ च्या कायद्यांच्या रूपाने टिकून राहिले.

निर्देशांक : निर्वाहखर्चाची पद्धतशीर मोजणी इन्फ्ल्यूएंझाच्या साथीनंतर सुरू झाली. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले आणि जुलै १९१४ = १०० हा पाया धरून निर्देशांक, म्हणजे आधारकाळाच्या तुलनेत खर्चाची पातळी दाखवणारा आकडा, प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला; आधीच्या वर्षांचे आकडे मागाहून काढले गेले. या मालिकेत ऑक्टोबर १९२० मध्ये १९३ हा उच्चांक दिसतो. त्यात धान्ये, डाळी, इतर खाद्यपदार्थ, जळण व दिवाबत्ती, कापड आणि घरभाडे हेच गट होते. औषधोपचार, गावी जाण्याचा प्रवास, अंत्यविधी आणि कर्जावरील व्याज अशा किरकोळ सदरातील बाबी वगळल्या होत्या, आणि साथीचा भार नेमका याच बाबींवर पडत असल्याने १९१८ च्या झळीचे मापन या मालिकेवरून करणे सदोष ठरते. कामगार कार्यालयाचे जी. फिंडले शिरास यांनी १९२१–२२ मध्ये २,४७३ कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तीत अन्नावर ५६.८ टक्के, भाड्यावर ७.७ टक्के आणि किरकोळ बाबींवर १८.५ टक्के खर्च आढळला. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे सालिना ७५ टक्के होता. कामगारांच्या आहारातील धान्य तुरुंगाच्या नियमावलीत ठरवलेल्या प्रमाणापेक्षा कमी असल्याचा या पाहणीचा निष्कर्ष पुढे फार गाजला. एकट्या राहणाऱ्या, खाणावळीत जेवणाऱ्या कामगारांचे ६०३ हिशेब वेगळे तपासले गेले, पण त्यांची चर्चा क्वचितच होते.

कोविड-१९ : राज्य शासनाने सवलतीच्या शिवभोजन थाळीचा दर १० रुपयांवरून ५ रुपये केला आणि घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने लांबवण्याची सूचना केली. उपनगरी रेल्वे सामान्य प्रवाशांसाठी १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद राहिल्याने कामावर जाण्याचा खर्च वाढला. मार्च २०२० पासून बाजारात जाऊन भाव टिपण्याचे काम थांबल्यामुळे एप्रिल व मे २०२० चे राष्ट्रीय ग्राहक किंमत निर्देशांक अंशतः अनुमानाने भरले गेले आहेत; तुलनेसाठी ते जपूनच वापरावेत.