सापडलेला ग्रह हरवतो तेव्हा : सेरेस, एक मासिक आणि २४ वर्षांचा गणिती (थ्रेड)

१/ १ जानेवारी १८०१. एकोणिसाव्या शतकाचा पहिला दिवस. सिसिली बेटावरील पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझी हा धर्मगुरू-खगोलविद तारासूचीसाठी वेध घेत होता. वृषभ राशीत त्याला एक अंधूक बिंदू दिसला. पुढच्या रात्री पाहिले, तर तो जागेवरून सरकलेला होता. तारे असे सरकत नाहीत.

२/ या शोधाची पार्श्वभूमी मोठी रंजक आहे. टिटियस आणि बोडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक ग्रह असायला हवा होता. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस या नियमात चपखल बसला आणि त्या रिकाम्या जागेविषयीचे कुतूहल वाढले.

३/ सप्टेंबर १८०० मध्ये जर्मनीतील लिलिएन्थाल येथे सहा खगोलविद एकत्र आले. राशिचक्राचे २४ भाग करून युरोपातील २४ निरीक्षकांना एकेक भाग वाटून द्यायचा, असे ठरले. या मंडळींना पुढे ‘आकाशाचे पोलीस’ असे गमतीदार नाव पडले. पियाझीचे नाव त्यांच्या यादीत होते. मात्र निमंत्रण पोहोचण्यापूर्वीच त्याने तो बिंदू पाहिला होता.

४/ खरा पेच इथून सुरू होतो. पियाझी सावध होता. २४ जानेवारीला त्याने बर्लिनच्या बोडेला आणि मिलानच्या ओरियानीला पत्रे लिहिली व आपल्याला धूमकेतू सापडल्याचे कळवले. ओरियानी जिव्हाळ्याचा मित्र. त्याच्यापाशी मात्र त्याने मनातली शंका बोलून दाखवली : गती इतकी संथ आणि एकसारखी आहे की, ही वस्तू धूमकेतूहून काही मोलाची असावी. सगळे वेध मात्र त्याने स्वतःजवळच ठेवले. कक्षा आधी आपणच काढावी, ही त्यामागची इच्छा.

५/ ११ फेब्रुवारीनंतर वेध थांबले. पियाझी आजारी पडला होता. इटलीतील युद्धामुळे टपाल रखडले. बोडेला पत्र मिळाले २० मार्चला, ओरियानीला एप्रिलमध्ये. तोवर ती वस्तू सूर्याच्या दिशेने सरकून त्याच्या प्रकाशात दिसेनाशी झाली होती. पियाझीने संपूर्ण वेध एप्रिलमध्ये पाठवले. शोध लागला होता, पण पडताळून पाहायला आकाशात काहीच उरले नव्हते.

६/ हातात होते ते फक्त ४१ दिवसांचे वेध. तेवढ्या काळात त्या वस्तूने आकाशात कापलेले अंतर जेमतेम तीन अंशांचे. एवढ्याशा तुकड्यावरून संपूर्ण कक्षा काढायची आणि काही महिन्यांनी ती वस्तू नेमकी कुठे उगवेल हे सांगायचे, हे त्या काळच्या गणिताला फार अवघड होते.

७/ इथे एका मासिकाचा प्रवेश होतो. गोथाजवळच्या झीबर्ग वेधशाळेचा संचालक फॉन झाख १८०० पासून ‘मोनाटलिश करेस्पॉन्डेन्स’, म्हणजे ‘मासिक पत्रव्यवहार’, हे नियतकालिक चालवत होता. नावाप्रमाणेच त्याचे रूप होते. युरोपभरातून आलेली पत्रे, वेध आणि गणिते तो त्यात छापत असे. खाजगी टपालात एकदोघांपुरती राहणारी वार्ता आता एकाच वेळी अनेकांच्या हाती पडू लागली.

८/ झाखने जूनच्या अंकात नव्या ग्रहाची बातमी दिली आणि सप्टेंबरच्या अंकात पियाझीचे सगळे वेध छापले. हा निर्णय निर्णायक ठरला. कारण ते आकडे ब्राउनश्वाइगमधील एका २४ वर्षांच्या तरुणापर्यंत पोहोचले. त्याच्याकडे वेधशाळा नव्हती, खगोलविदांच्या वर्तुळात नाव नव्हते. तो होता कार्ल फ्रीडरिश गाउस.

९/ कक्षा वर्तुळाकार आहे, असे आधी गृहीत धरून इतर काहींनी गणिते मांडली होती. गाउसने तसे काही मानले नाही. मोजक्या वेधांवरून थेट लंबवर्तुळाकार कक्षा काढण्याची रीत त्याने शोधली. त्याचे उत्तर इतरांपेक्षा चांगलेच वेगळे होते. झाखने तेही डिसेंबरच्या अंकात छापले.

१०/ ३१ डिसेंबर १८०१ च्या रात्री गाउसने सांगितलेल्या जागेजवळच झाखला तो हरवलेला ग्रह पुन्हा दिसला. एक-दोन दिवसांत ब्रेमेनमधील डॉक्टर व हौशी खगोलविद ऑल्बर्स यानेही तो स्वतंत्रपणे टिपला. पियाझीने ठेवलेले ‘सेरेस’ हे नाव पक्के झाले. राजाच्या सन्मानार्थ त्याला जोडलेले ‘फर्डिनांडेआ’ मात्र गळून पडले.

११/ पियाझीला दोष देणे सोपे आहे. पण कच्ची बातमी जाहीर करावी, तर चूक निघून हसे होण्याची भीती. थांबावे, तर शोधच हातचा जाण्याची. श्रेयाचा आणि वेळेचा हा ताण प्रत्येक संशोधकाच्या वाट्याला येतो. पियाझीचे श्रेय अखेर टिकले, तेही त्याने राखून ठेवलेले आकडे इतरांच्या हाती गेल्यामुळेच.

१२/ पुढे हे काम संस्थांनी उचलले. १८२१ मध्ये शूमाखरने सुरू केलेले ‘आस्ट्रोनोमिशे नाखरिश्टेन’ आजही निघते. १९४७ पासून ‘मायनर प्लॅनेट सेंटर’ जगभरातील लघुग्रहांचे वेध गोळा करून प्रसिद्ध करते. ग्रहविज्ञानाला वाहिलेले ‘इकॅरस’ १९६२ मध्ये सुरू झाले. कार्ल सेगन काही वर्षे त्याचा संपादक होता.

१३/ सेरेसला पुढे लघुग्रह म्हटले गेले. २००६ पासून तो ‘बटुग्रह’ ठरला. २०१५ मध्ये ‘डॉन’ यान त्याच्याभोवती फिरू लागले. त्या यानाला सेरेस कुठे आहे हे शोधावे लागले नाही. १८०१ च्या हिवाळ्यात मात्र ते सांगू शकणारी माणसे युरोपात मोजकीच होती, आणि त्यांच्यापैकी ज्याचे उत्तर बरोबर निघाले, त्याने ते आकडे एका मासिकात वाचले होते.

(थ्रेड समाप्त)