पुश-पॉप आकारबचत व रेड झोन

यंत्रसंकेताचे बाइट वाचवण्याची कंपायलरची एक युक्ती. एक्स८६-६४ प्रोसेसरवर लहानशी स्थिर संख्या रजिस्टरमध्ये भरायला 'मूव्ह' आज्ञेला ५ बाइट लागतात. संख्या ५ असली तरी तिच्यासाठी ४ बाइट राखलेले असतात. तीच संख्या −१२८ ते १२७ यांदरम्यान असेल, तर २ बाइटांच्या 'पुश'ने स्टॅकवर ठेवून १ बाइटाच्या 'पॉप'ने रजिस्टरमध्ये घेता येते. दर वेळी २ बाइट वाचतात. मात्र स्टॅकमार्गे जाण्यात वेळ जातो, म्हणून हे वेगापेक्षा आकार मोलाचा मानणाऱ्या '-ओझेड' पर्यायातच करतात. क्लँग कंपायलरमध्ये हा पर्याय आधीपासून होता. जीसीसी कंपायलरमध्ये तो १२व्या आवृत्तीत (२०२२) आला.

धोका आहे तो रेड झोनचा. लिनक्स, मॅकओएस यांवरील सिस्टिम व्ही एबीआयनुसार (फंक्शन कॉल व स्टॅक यांच्या नियमांनुसार) स्टॅक पॉइंटरखालचे १२८ बाइट फंक्शनला पॉइंटर न हलवता वापरता येतात. दुसरे फंक्शन कॉल न करणारी लीफ फंक्शने आपली स्थानिक चले तिथे ठेवतात आणि पॉइंटर खाली-वर करणाऱ्या आज्ञा वाचवतात. म्हणजे हीसुद्धा बचतच. पण पुशही पॉइंटरलगत खालच्या ८ बाइटांतच लिहितो, म्हणून दोन्ही बचती त्याच ८ बाइटांवर हक्क सांगतात. समजा, अशा फंक्शनने 'आरएसपी (स्टॅक पॉइंटर) वजा ८' या जागी एक पत्ता जपून ठेवला आहे आणि कंपायलरने मध्येच ५ पुश केला. पॉपनंतर पॉइंटर पूर्ववत होतो, रजिस्टरमध्ये ५ असतो. पत्ता मात्र पुसला गेलेला असतो. मूळ प्रोग्रॅम निर्दोष असतो. ॲड्रेससॅनिटायझरलाही हे दिसत नाही, कारण त्याची तपासणी यंत्रसंकेत तयार होण्याआधीच पेरलेली असते.

त्यामुळे कंपायलरमध्ये ही युक्ती आणणारा बदल तपासताना किती बाइट वाचले हे पाहण्याआधी क्रम पाहावा: फंक्शन रेड झोन वापरते का, हे पुश घालण्यापूर्वी पक्के झाले आहे ना? क्लँगचा पाया असलेले एलएलव्हीएम स्टॅक फ्रेम आखून झाल्यावरच ही जोडी घालते आणि रेड झोन वापरात असेल तर साधी मूव्हच ठेवते. जीसीसीतही तशीच अट आहे. शिवाय फ्रेम पॉइंटर नसेल तर अनवाइंड माहितीतही (कॉलची साखळी उलगडण्यासाठीच्या नोंदींत) पुशच्या त्या ८ बाइटांची नोंद करावी लागते. स्टॅकवर व्होलाटाइल चल ठेवणाऱ्या लीफ फंक्शनची चाचणी सोबत नसेल, तर बदल स्वीकारू नये.

विंडोजच्या ६४-बिट एबीआयत रेड झोनच नाही, म्हणून तिथे हा धोका उद्भवत नाही. लिनक्स कर्नलही '-एमनो-रेड-झोन' पर्याय देऊनच कंपाइल करतात, कारण इंटरप्ट आला की प्रोसेसर स्वतःच त्याच स्टॅकवर लिहितो.