लांडगा गेला, आणि कुत्रा ऐकू लागला

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंडमध्ये, रीड नदीच्या काठी वेस्ट वुडबर्न नावाचं लहानसं गाव आहे. 1893 च्या सप्टेंबरात या गावात हेम्प नावाचं एक पिल्लू जन्माला आलं. आज जगात जिथे जिथे बॉर्डर कॉली जातीचे कुत्रे आहेत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची वंशावळ मागे नेत गेलं की या हेम्पपाशी येऊन पोचते. मी या भागात जनावरांची डॉक्टर आहे आणि माझे बहुतेक रुग्ण मेंढ्याच. त्यामुळे हेम्पचे वंशज मला रोज भेटतात. गळ्यात पट्टा नाही, साखळी नाही, मालक पार डोंगराच्या पायथ्याशी उभा आणि कुत्रा वर कड्याजवळ ठिपक्याएवढा. शिट्टी वाजते आणि तो ठिपका जागच्या जागी बसतो.

मी माण तालुक्यातली, धनगराच्या घरातली. आमच्या आजाच्या खांडाबरोबरही कुत्री असायची, तीही मोकळीच. पण आजाने त्यांना कधी हुकूम दिलेला मला आठवत नाही. ‘त्याला काय सांगायचं, त्याला ठावं असतंय,’ एवढंच तो म्हणायचा. दोन्हीकडे मेंढरं तीच, माळही तसाच उघडा, मग एका देशात कुत्रा माणसाच्या शिट्टीवर श्वास रोखतो आणि दुसऱ्या देशात स्वतःच्या मनाने रात्र जागवतो, हे कसं झालं? इथल्या लोकांना विचारलं तर ते जातीचं, रक्ताचं नाव घेतात. माझ्या मते याचं खरं उत्तर लांडग्यापाशी आहे.

हे मी एका जुन्या पुस्तकाच्या आधाराने म्हणते. जॉन कीज हा केंब्रिजचा वैद्य. ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर त्याने लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, ते 1570 साली छापलं गेलं आणि सहा वर्षांनी इंग्रजीत आलं. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याबद्दल तो सांगतो की, हा कुत्रा अंगाने फार मोठा किंवा दांडगा नसतो, कारण त्याला लांडग्याशी झुंजायचं नसतं. इंग्लंडात लांडगे उरलेलेच नाहीत. मालकाच्या आवाजावर किंवा मूठ तोंडाशी धरून घातलेल्या शिळेवर तो भरकटलेल्या मेंढ्या हव्या तिथे आणून देतो. आणि पुढे तो एक फार मोलाची गोष्ट नोंदवतो. फ्रान्स, फ्लँडर्स, सीरिया या मुलखांत मेंढ्या मेंढपाळाच्या मागे चालतात, इंग्लंडात मात्र मेंढपाळ मेंढ्यांच्या मागे चालतो.

हे वाचलं तेव्हा मला आमचा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, डोळ्यांपुढे दिसला. आमच्याकडे आजा पुढे, त्याच्या हाळीवर मेंढरं मागे, घोड्यावर बिऱ्हाड. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणाकडे निघायचे, वाटेत शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचे, पावसाळ्याच्या तोंडाला परत माणदेश. मेंढरं वळवायला आजाचा आवाज आणि काठी पुरेशी होती. कुत्र्याचं काम सूर्य मावळल्यावर सुरू व्हायचं. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडली की कुत्री भोवताली पांगून पडायची, कारण दख्खनच्या माळावर लांडगा होता आणि आजही आहे. पुणे, सोलापूर, नगरकडच्या गवताळ रानात तो धनगराच्या कळपाच्या मागे मागेच फिरतो. त्या अंधारात कुत्र्याने मालकाच्या हुकुमाची वाट पाहिली तर कोकरू गेलंच. तिथे कुत्र्याची अक्कल ही मालकाच्या अकलेपेक्षा वेगळी आणि स्वतंत्र असावी लागते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो तो असा राखणदार म्हणून, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

इंग्लंडातला लांडगा पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपला असं मानतात. स्कॉटलंडात तो आणखी काही काळ टिकला. तो गेल्यावर रात्रीची राखण उरली नाही, मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सोडता येऊ लागल्या. मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या कुणाच्या मागे चालत नाहीत. लोकर कातरायला, कोकरं तोडायला, विकायला त्या डोंगरावरून गोळा करून आणाव्या लागतात. राखणदार कुत्र्याचं काम संपलं आणि गोळा करणाऱ्याचं सुरू झालं. त्याला भुंकून, चावून चालणार नव्हतं. त्याला मेंढीच्या पलीकडे जायचं होतं आणि मालकाचं ऐकायचं होतं, दोन्ही एकाच वेळी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे कौशल्य कुठवर पोचलं होतं ते जेम्स हॉग सांगतो. हॉग (1770–1835) हा स्कॉटलंडच्या एट्रिक खोऱ्यातला मेंढपाळ, पुढे नावाजलेला लेखक झाला. एका गुराख्याने दोरीने ओढत चालवलेला एक उपाशी, काळवंडलेला कुत्रा त्याने एक गिनी देऊन विकत घेतला. त्याचं नाव सिरा. वर्षभराचं वय, मेंढी वळवणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. पण मालकाला काय हवं आहे हे शोधण्याची त्याची धडपड विलक्षण होती, आणि एकदा कळलेली गोष्ट तो विसरत नसे. एका मध्यरात्री आयांपासून नुकती तोडलेली सुमारे सातशे कोकरं उधळली आणि तीन टोळ्या करून तीन दिशांना गेली. अंधारात कुत्रा दिसेना. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर हिंडले आणि उजाडताना रिकाम्या हाताने मालकाला सांगायला निघाले. वाटेत एका खोल घळीच्या तळाशी कोकरांचा जथा दिसला, समोर सिरा उभा. मोजलं तर एकही कोकरू कमी नव्हतं. गोष्ट लेखकाने सांगितलेली आहे, तिला थोडी झिलई चढली असेलही, पण दुर्गम डोंगरावरच्या कुत्र्यांचं काम मी जे पाहिलं आहे त्यावरून मला ती खोटी वाटत नाही.

याच हॉगने असंही लिहून ठेवलं आहे की, डोंगरावरचा कळप गोळा करायला कुत्र्यांशिवाय वीस मेंढपाळ जे करू शकणार नाहीत ते एक मेंढपाळ आणि एक कुत्रा करतात. इथले लोक हे वाक्य अभिमानाने सांगतात. मला मात्र ते वाचताना त्या उरलेल्या माणसांची आठवण येते. त्याच काळात स्कॉटलंडच्या हायलंड्समधल्या जमीनदारांनी कुळांना पिढ्यानपिढ्यांच्या खोऱ्यांतून उठवलं आणि तिथे चेविअट मेंढ्या सोडल्या. 1792 साल तर तिथल्या गेलिक भाषेत मेंढ्यांचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. त्या उन्हाळ्यात रॉसमधल्या लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून लावायला सुरुवात केली आणि त्यांना दाबायला सैन्य आलं. मेंढ्यांबरोबर इंग्लंड-स्कॉटलंड सीमाभागातले मेंढपाळ आले, त्यांच्याबरोबर त्यांचे कुत्रे. शेकडो मेंढ्यांना एक माणूस पुरू लागला नसता, तर ओस पडलेल्या खोऱ्यांचा हा हिशेब जमीनदारांना परवडला नसता. कुत्र्याचा यात दोष नाही. पण या कलेचा इतिहास सांगताना ही माणसं गाळणं मला पटत नाही, कारण मीही चराईसाठी रानोरान हाकललेल्या लोकांतली आहे.

ही कला लोकांसमोर आली ती वेल्समध्ये. 9 ऑक्टोबर 1873 रोजी बाला गावाजवळ रिचर्ड जॉन लॉइड प्राइस या जमीनदाराने मेंढपाळी कुत्र्यांची स्पर्धा भरवली. ब्रिटनमधली ही पहिली नोंदलेली स्पर्धा. न्यूझीलंडमध्ये अशा चढाओढी त्याआधीच सुरू झाल्या होत्या, पण बालाचं नाव राहिलं. दहा कुत्रे उतरले, तीनेकशे माणसं बघायला जमली. जिंकला तो वेल्समध्ये राहणारा थॉमसन नावाचा स्कॉटिश माणूस आणि त्याचा ट्वीड, काळा-तपकिरी, एक पुढचा पाय पांढरा असलेला लहानखुरा कुत्रा.

पण माझ्या दृष्टीने खरं वळण दहा वर्षांनी आलं. तोवर मेंढपाळ ओरडत, हात फेकत, काठी आपटत कुत्रा चालवायचे. 1883 मध्ये हॉविकच्या स्पर्धेत ऑटरबर्नचा विल्यम वॉलेस उतरला तो जवळजवळ कुजबुजत. हलकी शीळ, एखादा दबका शब्द, बस्स. जमलेल्या मेंढपाळांना नवल वाटलं, कारण कुत्रा तेवढ्यावर ऐकत होता आणि मेंढ्याही बिथरत नव्हत्या. कुत्र्याचे कान माणसाच्या कानांपेक्षा कितीतरी तिखट. मोठ्या आवाजाने त्याला हुकूम जास्त नीट कळत नाही, मालकाचा राग तेवढा कळतो. आजही नवशिका माणूस पिल्लावर ओरडू लागला की इथले म्हातारे मेंढपाळ शिकवणी तिथेच थांबवतात.

वॉलेसच्या या धाटणीला शोभेल असा कुत्रा दहा वर्षांनी ॲडम टेल्फर नावाच्या माणसाने पैदा केला, तो हा हेम्प. त्याचा बाप रॉय दिलखुलास आणि सौम्य, आई मेग बुजरी आणि नजरेची फार तेज. मेंढीवर नजर रोखून, पोट जमिनीला टेकवत, दबकत पुढे सरकायचं ही लांडग्याचीच शिकारीची चाल. हेम्पमध्ये ती होती, फक्त शेवटची झडप आणि चावा तेवढा गळलेला. तो न भुंकता काम करी. काम करताना तीव्रतेने त्याचं अंग थरथरे म्हणतात, पण मेंढ्या त्याच्यापुढे शांतपणे चालत. जवळच्या-लांबच्या मेंढपाळांनी आपल्या कुत्र्या त्याच्याकडे आणल्या. 1901 मध्ये तो गेला तोवर त्याला दोनशेहून अधिक पिल्लं झाली होती.

लांडग्याला मारून संपवलेल्या मुलखाने लांडग्याचीच नजर जपून तिचा उपयोग केला, हे मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत थोर वाटतं. मोकळ्या कुत्र्याने हुकूम का पाळावा, याचं उत्तरही तिच्यातच आहे. पिल्लू चार-सहा मेंढ्यांपाशी प्रथम सोडलं की ते आपण होऊन वळसा घालतं आणि मालकाच्या बरोबर समोर, मेंढ्यांच्या पलीकडे जाऊन उभं राहतं. मेंढ्या मालकाकडे आणण्याची ही ओढ उपजत असते, ती कुणी शिकवत नाही. माणूस फक्त जागा बदलतो. तो डावीकडे सरकला की तोल राखायला पिल्लूही फिरतं, आणि ते फिरत असतानाच त्या दिशेचा शब्द कानावर घालायचा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ‘कम बाय’, उलट दिशेने ‘अवे टु मी’. सर्वांत अवघड हुकूम थांबण्याचा. कुत्रा बसला की त्याला लगेच परत मेंढ्यांकडे सोडायचं. ऐकलं तर मेंढ्या मिळतात, नाही ऐकलं तर मालक मध्ये येऊन वाट अडवतो, हे पिल्लाला उमगलं की दोरीचं काम संपलं. बिस्किटाचा तुकडा इथे कुणी वापरत नाही, कारण त्या कुत्र्याला मेंढ्यांपुढे बिस्किटाची किंमत नसते. जवळून पक्कं झालं की अंतर वाढवत न्यायचं, शंभर पावलं, मग शेत, मग डोंगर. वाऱ्यात शब्द विरतात, म्हणून प्रत्येक शब्दाची शिट्टी ठरलेली. आणि काम आटोपल्यावर ‘दॅटल डू’, म्हणजे पुरे, ये आता. भर कामातून त्या शब्दावर मागे फिरणारा कुत्रा तयार व्हायला सोशीक माणूसच लागतो.

पुढचा इतिहास संस्थांचा. 1906 मध्ये स्कॉटलंडात हॅडिंग्टन इथे आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन झाली, पुढे तिने वंशावळींची नोंद ठेवली आणि हेम्पला त्यात नववा क्रमांक मिळाला. आजच्या तिच्या अंतिम फेरीत कुत्रा आधी दहा मेंढ्या आणतो, मग मागे वळून दृष्टीआड असलेल्या दुसऱ्या दहा आणतो आणि वीसमधून गळ्यात पट्टे असलेल्या पाचच बाकी ठेवून त्या कोंडवाड्यात घालतो. 1976 पासून हे खेळ बीबीसीने घरोघरी दाखवले आणि शहरांतल्या सदनिकांतही बॉर्डर कॉली आले. त्यांच्यापुढे मेंढ्या नाहीत, म्हणून ते सायकलींना आणि मुलांना वळसे घालतात. मला त्यांची फार दया येते.

या देशाचा 1953 चा कायदा मेंढ्यांच्या शेतात मोकाट कुत्रा असणं हाच गुन्हा धरतो. मालकाने तो दोरीने बांधलेला किंवा अगदी जवळ, ताब्यात ठेवला पाहिजे. ज्या थोड्या कुत्र्यांना यातून सूट आहे त्यांत मेंढपाळाचा शिकवलेला कुत्रा येतो. कुत्र्यांनी फाडलेल्या गाभण मेंढ्या मी टाके घालून वाचवण्याचा प्रयत्न केलेला आहे, त्यामुळे ही सूट किती मोठ्या विश्वासाने दिलेली आहे ते मला कळतं.

आता लांडगा युरोपात परततो आहे. 1992 मध्ये इटलीकडून आलेले दोन लांडगे फ्रान्सच्या मेरकांतूर राष्ट्रीय उद्यानात दिसले आणि आल्प्समधल्या मेंढपाळांचं जगणं बदललं. शिट्टीवर चालणारा कॉली रात्री उपयोगाचा नाही, म्हणून पिरेनीज डोंगरातले थोराड पांढरे राखणदार कुत्रे त्यांनी पुन्हा कळपात आणले. एकाच कळपात आता दोन प्रकारचे कुत्रे असतात, एक सांगितलेलं करणारा आणि एक न सांगता करणारा. इथल्या मेंढपाळांशी बोलताना या दुसऱ्या कुत्र्याचा विषय निघाला की प्रश्न मला विचारले जातात. पिल्लू कितव्या महिन्यात मेंढ्यांत ठेवायचं, किती मेंढरांना किती कुत्री, वाटेवरच्या परक्या माणसावर ते धावून गेलं तर काय करायचं. आमच्या वाड्यावर जे पाहिलं ते मी त्यांना सांगते, आणि ते वहीत लिहून घेतात.