गुरामीचा शेजार

पॅरिसमध्ये मत्स्यपालनाचा व्यवसाय करणारे पिएर कार्बोनिए यांच्याकडे १८६९ साली चीनहून काही जिवंत मासे आले. लांब पर आणि लाल-निळे पट्टे असलेले हे पॅराडाइज फिश, म्हणजे गुरामीचे जवळचे नातलग. लांबच्या समुद्रप्रवासात बरेच दगावले होते. जे वाचले त्यांनी कार्बोनिए यांच्या टाकीत घरटी बांधली. नर पृष्ठभागावर येऊन तोंडात हवा भरून घ्यायचा आणि लाळेत घोळवलेले बुडबुडे एकामागून एक सोडायचा. बुडबुड्यांचा तरंगता थर जमला की मादीला त्याखाली आणून, तिच्याभोवती शरीर वळवून अंडी घालून घ्यायचा. ते काम उरकलं की त्याच मादीला तिथून हुसकावून लावायचा. कार्बोनिए यांनी हे सारं लिहून प्रसिद्ध केलं आणि चार्ल्स डार्विन यांनी नरांच्या रंगांविषयी व प्रियाराधनाविषयी लिहिताना त्याचा आधार घेतला. १८७५ मध्ये कार्बोनिए यांनी भारतातून आलेल्या ‘इंद्रधनुष्य माशा’च्या घरट्याचं वर्णन छापलं. हा मासा कोलिसा गटातला गुरामी होता.

आज घरच्या टाकीत गुरामी कुणाबरोबर सोडावा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या जुन्या नोंदींतच मिळतं. घरटं बांधणारा नर आपल्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही.

युरोपला या माशांची शास्त्रीय ओळख मात्र त्याआधीच झाली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन (आधीचं आडनाव बुकानन) यांनी बंगालमधल्या सर्वेक्षणाच्या काळात नद्या, पाणथळी आणि तळी पालथी घातली. गंगा आणि तिच्या शाखांमधल्या माशांवरचं त्यांचं पुस्तक १८२२ मध्ये निघालं. आज ड्वार्फ गुरामी म्हणून विकला जाणारा लालियस आणि हनी गुरामी म्हणून ओळखला जाणारा चुना हे दोघेही त्यात आहेत. हनी गुरामीच्या बाबतीत तर हॅमिल्टन यांनी एकाच माशाला दोन जाती समजून दोन नावं दिली. विणीच्या दिवसांतला नर मधाळ नारिंगी होतो, त्याचा गळा नि पोट काळंनिळं पडतं, आणि मादी मात्र मातकट तपकिरीच राहते. हे पाहिलं की त्या घोटाळ्याचं नवल वाटत नाही.

ही मंडळी काचेच्या टाकीत इतक्या लवकर कशी रुळली? लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास पाणवनस्पती आणि मासे एकत्र ठेवून पाणी निरोगी राहू शकतं हे दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं. पण विजेचे पंप नव्हते, फिल्टर नव्हते, आणि बंदरातून निघालेला डबा टाकीपर्यंत पोहोचेतो पाण्यातला प्राणवायू संपलेला असायचा. गुरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याच्या मुरडलेल्या रचनेमुळे फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी त्याची तुलना चक्रव्यूहाशी केली. मासा वर येतो, हवेचा एक घोट घेतो, ती हवा या पोकळीत जाते आणि तिथल्या रक्तवाहिन्या प्राणवायू शोषून घेतात. गढूळ, कोमट, साचलेल्या पाण्यात जगण्याची ही सोय प्रवासातही कामी आली. तिची दुसरी बाजूही आहे. पृष्ठभागापर्यंत पोहोचू दिलं नाही तर हे मासे पाण्यात असूनही गुदमरतात. त्यामुळे टाकी काठोकाठ भरू नये. वर झाकण ठेवलं की पाण्यावरची हवा उबदार राहते.

खरी फसगत व्हायची ती ‘गुरामी’ या एका शब्दाखाली सगळे मासे घातल्यामुळे, आणि आजही होते. अठराव्या शतकात बूगँव्हिलच्या जगप्रदक्षिणेवर गेलेले निसर्गशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों यांनी मॉरिशसमध्ये पाहिलेला गुरामी खाण्यासाठी तळ्यांत वाढवलेला होता. त्यांच्या टिपणांवरून लासेपेद यांनी १८०१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा जायंट गुरामी दोन फुटांच्याही पुढे वाढतो. दुकानातल्या पिशवीत मात्र त्याचं बोटभर पिल्लू असतं, आणि ते गप्पी-टेट्रांच्या शेजारी अगदी निरुपद्रवी दिसतं. किसिंग गुरामीही फूटभर होतो. ओठाला ओठ लावणं हा त्याचा लाड नाही, ताकद अजमावण्याची रीत आहे. या दोघांना घरच्या छोट्या टाकीत जागाच नाही.

विजेवर चालणारे पंप आणि हीटर आले, मग प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून विमानाने मासे पाठवायची सोय झाली. वेगवेगळ्या देशांतले मासे एका टाकीत ठेवणं आता सहज जमू लागलं. सिंगापूर-थायलंडच्या फार्मवर पैदाशीतून नवे रंग निघाले. दुकानात ब्ल्यू, गोल्ड आणि ओपलाइन अशा नावांनी मिळणारे तिन्ही मूळचे थ्री-स्पॉट गुरामीच. पाचएक इंच वाढणारा हा काटक मासा नवशिक्याला आवर्जून सुचवला जातो. पण त्याचा नर वयात आला की शांत माशांना कोपऱ्यात दाबून धरतो, म्हणून ही शिफारस चुकीची आहे. डच सैन्यातले डॉक्टर पीटर ब्लेकर यांनी १८५२ मध्ये सुमात्रातून वर्णन केलेला पर्ल गुरामी लांबीला जवळपास तेवढाच, स्वभावाने मात्र कितीतरी मवाळ. तीन-चार फुटी टाकीत, तरंगत्या वनस्पतींखाली एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवल्या तर त्याच्या अंगावरची मोत्यांची जाळी पाहत राहावी अशी दिसते.

गुरामीचे पोटाखालचे दोन पर दोऱ्यासारखे लांब असतात. समोर आलेली वस्तू तो त्यांनी चाचपतो, त्यांनीच चवही घेतो. टायगर बार्बला हे दोरे कुरतडायची भारी हौस, म्हणून ही जोडी टाळायचीच. सियामी फायटर आणि गुरामी एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. रासबोरा, शांत टेट्रा आणि तळाशी वावरणारे कोरिडोरास यांच्याशी मात्र त्याचं जमतं, कारण त्यांना त्याच्या पृष्ठभागावरच्या जागेत रस नसतो.

सगळ्यांत जास्त खपतो तो ड्वार्फ गुरामी. लाल-फिरोजी तिरपे पट्टे, तीन इंचांच्या आत आकार. त्यातही दुकानदार मागवतात ते बहुतेक नरच, कारण मादी रुपेरी आणि फिकी. असे दोन-तीन नर एका छोट्या टाकीत सोडले की पाठलाग सुरू होतो. त्यात आजाराची भर पडली आहे. सिडनीच्या दुकानांतले ड्वार्फ गुरामी तपासले तेव्हा २२ टक्क्यांत इरिडोव्हायरस सापडला. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मत्स्यशेतीत मरे कॉड माशाची पिल्लं मोठ्या संख्येने मेली होती. त्यांना मारणाऱ्या विषाणूचंही ड्वार्फ गुरामीतल्या विषाणूशी जवळचं नातं निघालं. २०१६ पासून ऑस्ट्रेलियाने आयात गुरामींसाठी या विषाणूची तपासणी लागू केली.

मुंबईकरांना टाकीतल्या माशांचा नाद लावण्यात १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचा वाटा मोठा. खरेदीला पाय वळायचे ते क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याकडे. कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात आणि हावड्याच्या मत्स्यपालकांकडे आजही बंगालच्या पाण्यातल्या या माशांचा व्यवहार चालतो. तिथल्या तळ्यांत वाढलेला हनी गुरामी दुकानाच्या उजेडात भेदरून फिका पडतो, म्हणून गिऱ्हाईक त्याला ओलांडून झगमगत्या ड्वार्फकडे जातं. दोन फुटी टाकी, दाट वनस्पती, संथ फिल्टर आणि लहान शांत सोबती असतील, तर निवड याचीच करावी: एक नर, दोन माद्या. विकत घेताना पोट फुगलेलं, अंगावर जखम असलेलं किंवा कोपऱ्यात निपचित पडलेलं एकही जनावर टाकीत दिसलं, तर त्या टाकीतला दुसरा मासाही घेऊ नये. घरी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, नीट खातोय ना हे पाहून मगच त्याला इतरांत सोडावं.