कंटेनर का अडकतो? द्राक्षवाल्यांची जुनी गोष्ट

विंचूरकडच्या एका वायनरीत माझा भाचा कामाला आहे. परवा घरी आला तो तोंड पाडूनच. युरोपची ऑर्डर, पेट्या भरून तयार. पण तिकडं वाईन पाठवायची तर व्हीआय-१ नावाचा दाखला लागतो आणि त्यासाठीचा लॅबचा रिपोर्टच आला नाही. जहाज निघून गेलं. म्हटलं, बस. आम्ही द्राक्षवाल्यांनी हे आधीच भोगलंय.

२००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश मर्यादेबाहेर निघाले. मग अपेडाने रेसिड्यू तपासणीची योजना आणली, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यातली मुख्य लॅब. पण काम सगळं कागदावर. बागेची नोंदणी एकीकडं, लॅब दुसरीकडं, अ‍ॅगमार्क आणि फायटोसॅनिटरीचे दाखले आणखी तिसरीकडं. माझ्या एका प्लॉटचा रिपोर्ट चुकीच्या नंबरावर निघाला. दुरुस्त होईस्तोवर मणी मऊ पडले, व्यापाऱ्याने भाव पाडला.

२००६ ला ग्रेपनेट आलं. आम्ही हसलो होतो, कॉम्प्युटरने काय द्राक्षं गोड होणार! पण सॅम्पल, रिपोर्ट, दाखले सगळं प्लॉटच्या एकाच नंबरावर चढायला लागलं. माल वेलीवर असतानाच सॅम्पल जायचं, म्हणजे काढणीच्या दिवशी रिपोर्टची वाट बघणं नाही. खरा वेळ वाचला तो इथं.

तरी २०१० ला फटका बसलाच. रिपोर्ट पास, कागद पूर्ण, आणि माल युरोपच्या बंदरात अडकला. खरड छाटणीनंतर शेंडा आवरायला आपण सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, मारायचो. तिकडची मर्यादा ०.०५ पीपीएम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं! कागद कितीही पळवले तरी जे तपासलंच नाही ते कसं कळणार? कित्येकांचे पैसे बुडाले, आमच्या शिवारात त्या साली काहींनी बागाच तोडल्या. नंतर ते यादीत आलं.

भाच्याला एवढंच विचारलं, घेणारा काय काय तपासतो ते आधी विचारलं होतंस का? आणि नमुना लॅबला कधी जातो? म्हणाला, ऑर्डर पक्की झाल्यावर.

आता त्याने बॉटलिंगच्या लॉटप्रमाणे वही घातलीय, बाटल्या भरल्या त्याच आठवड्यात नमुना पाठवायचा. मालकाला लॅबचा खर्च आधी करायचा नाहीये, त्यावर सध्या त्यांची घासाघीस चाललीय. पुढचा कंटेनर वेळेत गेला की इथंच लिहीन.