फोटोमागचे नाव

वर्धापनदिनाच्या तयारीसाठी आपल्या मंडळाचे कपाट आवरताना जुना आल्बम हाती आला. जाड काळ्या पानांवर त्रिकोणी कोपऱ्यांत बसविलेले ते फोटो पाहण्यात आम्हां तिघीचौघींचा पहिला तास मोठ्या मौजेत गेला. हळदीकुंकू, भुलाबाईची गाणी, मुलींची नाटिका, सहल, कुणा पाहुण्यांचा सत्कार. पुढे मात्र एकेका चेहऱ्यावर बोट थांबू लागले. हार घातलेल्या पाहुण्यांचे नाव सर्वांना ठाऊक होते. त्यांच्यामागे ताट धरून उभी असलेली ती नऊवारीतील बाई कोण, हे मात्र कोणालाच सांगता येईना. तिने त्या दिवशी पहाटे उठून पन्नास माणसांचा चिवडा केला असेल, सतरंज्या अंथरल्या असतील. फोटोत ती आहे, आणि तरीही नाही.

हा लेख त्या बाईमुळे सुचला. समारंभाचे फोटो काढणारा वृत्तपत्राचा छायाचित्रकार काय पाहतो, काय टिपतो आणि त्याच्या हातून काय निसटते, याचा थोडा इतिहास या निमित्ताने मैत्रिणींपुढे ठेवावा असे वाटले.

आज खिशातल्या फोनने शंभर फोटो काढता येतात. पूर्वी एक फोटो छापणे हीसुद्धा मोठी यातायात असे. काचेवर आखलेल्या बारीक जाळीतून फोटोचे लहानमोठे ठिपके करीत. ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवून पत्रा आम्लाने कोरीत, आणि लाकडावर ठोकून टाइपाच्या उंचीला आणीत. हाच ‘ब्लॉक’. तो करणारे कारागीर मोठ्या शहरांत असत. त्यामुळे जिल्ह्याच्या साप्ताहिकात फोटो क्वचितच येई, आणि आलाच तर तो पुढाऱ्याचा असे. एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवून पुन:पुन्हा वापरीत. जवाहरलालजी दर्डा यांनी १९५२ साली यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले, तेव्हाचे छपाईचे जग हे असे होते. तेच पत्र १९७१ साली नागपुराहून दैनिक झाले. पुढे ऑफसेटची छपाई सर्वत्र रुळली, तेव्हा कोठे गावोगावच्या मंडळांचे फोटो पेपरात सहज दिसू लागले.

छायाचित्रकाराची बाजूही समजून घ्यावयास हवी. त्याला एका संध्याकाळी दोन-तीन समारंभ गाठायचे असतात. म्हणून तो दीपप्रज्वलनाला येतो, समई पेटली की फोटो काढतो आणि निघतो. फ्लॅशच्या बल्बच्या काळी तर एका बल्बवर एकच फोटो निघे. तापलेला बल्ब काढायचा, नवा बसवायचा, फिल्मची चौकट उलटवायची, तोवर पाहुणे खाली बसलेले! नाटकाच्या फोटोची तऱ्हा आणखी निराळी. फ्लॅश उडवावा तर नटाचे चित्त विचलित होते, न उडवावा तर मंचावरच्या मंद प्रकाशात हललेला हात पुसट येतो. मग पात्र क्षणभर स्तब्ध उभे राहते ती जागा हेरून, श्वास रोखून बटण दाबावे लागते. म्हणजे ज्याला नाटक कळते त्यालाच नाटकाचा फोटो साधतो.

या धंद्यात पहिले पाऊल टाकणारी भारतीय स्त्री म्हणजे होमाई व्यारावाला. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील उर्दू-पारशी नाटक मंडळीत होते, त्यामुळे बालपण नाटकाच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरण्यात गेले. मुंबईत त्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. कॅमेऱ्याची ओळख करून दिली ती माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे १९४१ साली दोघांचा विवाह झाला.

आता आपल्या मंडळाला विशेष गोड वाटावी अशी गोष्ट सांगते. होमाईबाईंचे वृत्तपत्रात छापून आलेले पहिले फोटो कोणत्या दरबाराचे वा परिषदेचे नव्हते. ते होते मुंबईतील एका महिला क्लबाच्या सहलीचे! १९३८ च्या सुमारास ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ते छापले आणि एका फोटोला एक रुपया याप्रमाणे मोबदला दिला. पंडित नेहरूंचे, गांधीजींचे, स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवसांचे फोटो ज्यांनी काढले, त्यांचा श्रीगणेशा बायकांच्या सहलीत झाला. ‘सहलीचे काय मेले फोटो काढायचे,’ असे यापुढे कोणी म्हटले तर हे उत्तर तयार ठेवावे.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. त्यांचे आरंभीचे अनेक फोटो माणेकशा यांच्या नावाने छापले गेले. बाई अनोळखी, त्यातून स्त्री. तिच्या नावाला वजन कोठून येणार? काम तिचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींना परका आहे?

१९४२ साली त्या दिल्लीस गेल्या आणि ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरीस लागल्या. जड कॅमेरा खांद्याला लावून, साडी नेसून, पुरुषांच्या घोळक्यात उभ्या राहून त्यांनी दोन तपांहून अधिक काळ काम केले. ‘डालडा १३’ या गमतीदार टोपणनावाने त्या ओळखल्या जात. जन्मसाल १९१३ आणि मोटारीच्या क्रमांकातील डीएलडी १३ यांवरून ते नाव पडले. फाळणीच्या निर्णयाची ती जून १९४७ मधील बैठक त्यांनी टिपली. लाल किल्ल्यावरचा तिरंगा टिपला. मात्र ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेस जाण्यास त्या निघाल्या असता, उद्या दोघे मिळून जाऊ, असे म्हणून पतीने त्यांना परत बोलाविले. तो उद्या उजाडलाच नाही. ही हुरहुर त्यांना जन्मभर राहिली. फोटोग्राफरच्या आयुष्यात काढलेल्या फोटोंपेक्षा न काढलेले फोटोच अधिक छळतात, ते असे.

१९६९ साली पती वारले. पुढच्याच वर्षी होमाईबाईंनी हे काम सोडले. नव्या छायाचित्रकारांचे धसमुसळे वागणे त्यांना रुचत नव्हते. समारंभात पाहुण्यांची अदब राखावी, कोणाला अवघडल्या स्थितीत टिपू नये, अशी त्यांच्या पिढीची शिस्त होती. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले.

दिल्लीची ही गोष्ट येथे कशाला, असे कोणी विचारील, म्हणून आपल्या यवतमाळास येते. आपल्या गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. पहिल्याने १९७३ साली, ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्याने जानेवारी २०१९ मध्ये. ते ब्याण्णवावे संमेलन. त्याच्या अध्यक्षा होत्या डॉ. अरुणा ढेरे. इतक्या संमेलनांत त्यांच्याआधी केवळ चार स्त्रियांना हा मान मिळाला होता. त्यांतील पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१ साली ग्वाल्हेरला. त्याही आपल्या वऱ्हाडच्याच, अमरावतीच्या.

२०१९ च्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. निमंत्रित पाहुण्या बाईला न येण्याचे कळवावे, ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागली, आणि ती लागावी अशीच होती. शेवटी उद्घाटनाचा मान मिळाला तो कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना. पतीने आत्महत्या केल्यावर मुलांना घेऊन उभी राहिलेली ही शेतकरी घरची बाई. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या व हरीश इथापे यांनी बसविलेल्या ‘तेरवं’ या नाटकात, आपल्यासारखेच दु:ख सोसलेल्या बायकांबरोबर त्यांनी भूमिकाही केली होती.

त्या दिवशी साऱ्या कॅमेऱ्यांना तिच्याकडे वळावे लागले. एरवी अशी बाई पेपरात येते ती दारातल्या फोटोत, डोक्यावर पदर, मांडीवर मूल, आणि खाली ओळ, ‘मृत शेतकऱ्याची पत्नी’. येथे ती व्यासपीठाच्या मध्यभागी उभी होती, स्वत:चे शब्द बोलत होती, आणि फोटोखाली तिचे नाव होते. कॅमेरा तोच, जिल्हा तोच. बदलली ती उभे राहण्याची जागा. ती जागा छायाचित्रकार ठरवीत नाही. ती ठरवितात समारंभ भरविणारे, म्हणजेच आपण.

आपल्या समारंभाच्या बातमीत ‘व इतर महिला उपस्थित होत्या’ असे वाचले की आपण पेपरला बोल लावतो. पण त्या फोटोग्राफरला घाईच्या वेळी नावांची चिठ्ठी आपल्यापैकी कोणी दिली होती का? दीपप्रज्वलनानंतर दोन मिनिटे थांबवून, स्वयंपाकघरातल्या बायकांना बाहेर बोलावून त्यांचा एक फोटो काढविला होता का?

म्हणून वर्धापनदिनी एक काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. एका दुपारी मंडळातील वडीलधाऱ्या आजी-काकूंना आल्बमासह बसवावे. जी नावे त्यांना आठवतील ती मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, फोटोच्या पाठीवर लिहावीत. शाईचे पेन वापरू नये, शाई पुढच्या बाजूला उतरते. साल आणि प्रसंगही लिहावा. फोनमधले फोटोही निवडून, छापून, नावांसह ठेवावेत.

त्या ताट धरलेल्या बाईचे नाव अजून सापडलेले नाही. एखाद्या भगिनीस आठवले तर तिने जरूर येऊन सांगावे. पेन्सिल आल्बमाजवळच ठेवली आहे.